पद्मिनीच्या मागच्या पाट्यांचे बुश घरी कसे बदलायचे

खड्ड्यातून मागचं चाक गेलं की ‘खट्’. रिव्हर्सनंतर पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पुन्हा ‘खट्’. हायवेवर वेग धरला की गाडीची मागची बाजू आपल्याच मनाने जरा इकडे-तिकडे सरकते आणि स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. प्रीमियर पद्मिनीची ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर बहुतेक वेळा शॉकअप बदलून मिळतात. आवाज तसाच राहतो. कारण संशयाची सुई जिथे आधी जायला हवी ते पाट्यांचे (मागच्या कमानी स्प्रिंगांचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी गादीसारखे तुकडे, वरून दिसत नाहीत, आणि ते काढण्याचा घाम कुणालाच नको असतो.

हे काम घरी करता येतं. त्यासाठी सपाट सिमेंटची जागा हवी, हाताशी एक माणूस हवा आणि घाई नको. पहिल्यांदा करत असाल तर एका बाजूला अख्खा दिवस धरा. इथे फक्त मागच्या पाट्यांचे बुश घेतले आहेत. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे बुश मुद्दाम वगळले आहेत, त्याचं कारण शेवटी येईल.

बुश नेमकं काय करतो

कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेल्या या गाडीला मागे अखंड अ‍ॅक्सल (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आहे आणि तो दोन कमानी पाट्यांवर बसलेला आहे. पाट्याचं पुढचं टोक गोल वळवलेलं असतं, त्याला गॅरेजमध्ये ‘आय’ म्हणतात. या आयमध्ये बुश बसतो आणि त्यातून जाणारा बोल्ट पाट्याला बॉडीच्या हँगरशी जोडतो. मागचं टोक मात्र थेट बॉडीला जोडलेलं नसतं. पाटा दबला की सपाट होतो आणि त्याची लांबी वाढते. ती वाढ सामावून घ्यायला मागे शॅकल असतो, म्हणजे झोपाळ्यासारखी हलणारी दोन पट्ट्यांची कडी. शॅकलला वर आणि खाली दोन्हीकडे रबरी बुश असतात.

पुढच्या आयचा बुश जास्त राबतो. इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचला की अ‍ॅक्सल गाडीला पुढे ढकलतो आणि हा धक्का पाट्याच्या पुढच्या टोकातूनच बॉडीला मिळतो. ब्रेक दाबल्यावरचा उलटा ताणही त्याच वाटेने जातो. म्हणून क्लच सोडताना येणारा ‘खट्’ बहुधा पुढच्या आयचा असतो, आणि खड्ड्यातला खडखडाट बहुधा शॅकलचा.

बाहेर लोखंडी नळी, मध्ये तिला चिकटवलेलं रबर आणि आत आणखी एक नळी, अशी सायलेंट ब्लॉक प्रकारच्या बुशची रचना असते. बोल्ट आवळला की आतली नळी हँगरच्या दोन पत्र्यांमध्ये जाम होते. बाहेरची नळी आयमध्ये घट्ट बसलेली असते. पाटा वरखाली झाला की यातलं काहीच घसरत नाही, मधलं रबर फक्त पिळलं जातं आणि परत सुटतं. सगळं काम या पिळण्यावर चालतं. पुढे बोल्ट कधी आवळायचा याचा नियमही यातूनच निघतो, आणि या अख्ख्या कामात सगळ्यात जास्त लोक चुकतात ते तिथेच.

दुसरा प्रकार दोन अर्ध्यांचा. टोपीसारखी किनार असलेले दोन रबरी तुकडे दोन्ही बाजूंनी भोकात घालायचे आणि पट्टीने दाबायचे. शॅकलमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. या गाड्यांवर आजवर इतके हात फिरले आहेत की मूळ काय होतं यापेक्षा आत्ता काय बसवलं आहे ते बघून ठरवणं शहाणपणाचं.

आधी खात्री करा

गाडी चाकांवर उभी असताना टॉर्च घेऊन मागच्या चाकाच्या पुढे वाका आणि आय बघा. आतला बोल्ट गोलाच्या मधोमध दिसायला हवा. एका बाजूला सरकलेला दिसला, रबर बाहेर लोंबत असलं किंवा आजूबाजूला काळी भुकटी साचली असली तर निकाल लागला. मग एक मजबूत टॉमी (उचकायची लोखंडी पहार) आय आणि हँगरच्या मध्ये घालून हलकेच उचका. चांगला बुश किंचित दबतो आणि परत येतो. गेलेला बुश टकटक वाजतो.

त्याच वेळी बाकीचे संशयितही तपासा. पाटा अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टचे नट ढिले असले, पाट्याची पाती मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असला, शॉकअपच्या टोकाचे रबर किंवा अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) रबर गेले असले तर आवाज असाच येतो. प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, झिजला असला तरी क्लच सोडताना ‘खट्’ होतं, पण तो आवाज गाडीच्या मधून येतो आणि शाफ्ट हाताने पिळला की कळतो.

आता गंजाकडे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. पाट्यांचे हँगर बॉडीच्या खालच्या पेटीसारख्या भागांना जोडलेले आहेत. कोकणातली, मुंबईतली, गोव्यातली गाडी असेल तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या पेट्यांना आतून खातो. हँगरच्या आजूबाजूला स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात टोचून बघा. पत्रा खणखणीत वाजला तर ठीक. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले तर बुश विसरा आणि आधी पत्र्याचं वेल्डिंग करून घ्या. कुजलेल्या हँगरमध्ये नवा बुश बसवण्यात काही अर्थ नाही. शिवाय अशी गाडी स्टँडवर (उचललेल्या गाडीला खालून आधार देणाऱ्या लोखंडी तिवईवर) चढवणं धोक्याचं आहे.

सुटे भाग

मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीच्या जोरावर चालणारी सुट्या भागांची उलाढाल त्याच्या बरीच आधीपासून आटत आली होती. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारत फिरलात तर बुश मिळतात. ‘पद्मिनीचा बुश द्या’ एवढ्यावर भागत नाही. जुना बुश आणि बोल्ट सोबत न्या. तो अजून गाडीतच असेल तर व्हर्नियरने बोल्टचा व्यास, आयचा आतला व्यास आणि हँगरच्या दोन पत्र्यांमधलं अंतर मोजून लिहून न्या.

रबर हातात घेऊन पारखा. नखाने दाबल्यावर ते उसळून परत यायला हवं. बोटाला काळं लागत असेल, किनार वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर ते रिसायकल केलेलं रबर आहे, एका पावसाळ्यात बसेल. पूर्वीचा साठा म्हणून मिळणारे जुने सीलबंद बुशही डोळे झाकून घेऊ नका, कारण रबर डब्यातही म्हातारं होतं.

पॉलीयुरेथेनचे बुश टिकतात, पण दर थोड्या महिन्यांनी कुरकुरायला लागतात, त्यांना खास ग्रीस लागतं आणि रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला कळवतात. लेथवर नायलॉनचे बुश करून देणारेही भेटतील. ते तर नकोच. शॅकलला थोडं तिरकंही हलावं लागतं, नायलॉन ती मुभा देत नाही आणि ताण हँगरच्या वेल्डिंगवर जातो. माझं मत विचाराल तर शर्यतीत न जाणाऱ्या गाडीला साधं, चांगलं रबरच शोभतं.

बुशांबरोबर आयचे आणि शॅकलचे नवे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप ढिले न होणारे) आणि यू-बोल्टचा संच घ्या. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, पुन्हा आवळले की आटे दगा देतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ चा, म्हणजे मजबुतीच्या प्रतीचा, शिक्का बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला बिनशिक्क्याचा बोल्ट इथे चालणार नाही.

हत्यारं

किमान दोन टनांचा हायड्रॉलिक जॅक, स्टँडची एक जोडी आणि जमलं तर आणखी एक. मिलिमीटरमधले गोटी पाने आणि रिंग पाने, कारण फियाटचं सगळं मेट्रिक आहे. अ‍ॅम्बॅसिडरवाल्या मित्राकडून इंची पान्यांचा संच उसना आणलात तर नटांच्या कडा गोल होतील. लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, हॅक सॉ आणि त्याची दोन-चार जादा पाती, ड्रिल, छिन्नी, हातोडा, पक्का रोवलेला व्हाइस (पकडायचा शिकंजा).

बुश दाबायला एक साधन घरीच जमवता येतं. १२ मिमीचा चांगल्या प्रतीचा आटेवाला रॉड, त्याला दोन नट, जाड वायसर आणि पाइपचे दोन तुकडे. एका तुकड्याचा आतला व्यास बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे निघणारा बुश त्यात शिरेल. दुसऱ्याचा बाहेरचा व्यास आयच्या भोकापेक्षा किंचित कमी हवा. लेथवाला हे तुकडे हातोहात कापून देतो.

दोन दिवस आधी

सगळे नट-बोल्ट वायर ब्रशने साफ करून त्यांवर स्प्रे मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. फोटो काढून ठेवा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहा, नंतर गाडी सरळ बसली की नाही ते पडताळता येईल.

गाडी उचलणं

पद्मिनीचा हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही मागच्या चाकांनाच धरतात. मागची चाकं हवेत गेली की या दोन्हींचा उपयोग शून्य. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोका. स्टेपनीचं चाक मागच्या बंपरखाली आडवं ठेवा, काही घसरलंच तर ते मध्ये येईल.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धे ढिले करा. डिफरन्शियलखाली (मागच्या दांड्याच्या मधल्या गोळ्याखाली) जॅक लावून मागची बाजू उचला आणि पाट्याच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे, बॉडीच्या मजबूत पेटीखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा. मध्ये जाड लाकडाची फळी द्या. स्टँड फ्लोअरच्या पातळ पत्र्याखाली कधीही लावू नका. विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक तर नाहीच नाही. ते सूचना न देता फुटतात. मग जॅक सावकाश खाली घ्या, बॉडी स्टँडवर बसू द्या, पण जॅक अ‍ॅक्सलखालून काढू नका. गाडीला बाजूने दोन-तीन जोरदार धक्के द्या. हलली नाही तरच खाली शिरा.

चाकं काढा. अ‍ॅक्सल लोंबकळून ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येत नाही ना हे बघा.

पाटा उतरवणं

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा पाटा जागेवर असला की अ‍ॅक्सल कुठे पळत नाही आणि जोडताना नमुनाही डोळ्यांसमोर राहतो.

बुश बदलायला पूर्ण पाटा उतरवणं काहींना जास्तीचं वाटतं. फक्त पुढचा बोल्ट काढून आय खाली ओढता येते हे खरं, पण मग गाडीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज पडत, वाकड्या कोनात बुश दाबावा लागतो. पाटा बाहेर काढला की तेच काम व्हाइसवर उभ्याने होतं. शिवाय पाट्याची पाती सुटी करून तडे बघता येतात.

आधी त्या बाजूच्या शॉकअपचं खालचं टोक सोडा. मग यू-बोल्टचे नट काढा. आता जॅक थोडा-थोडा वरखाली करत पुढच्या आयच्या बोल्टवर हात ठेवा. एका उंचीवर पाट्यावरचा ताण जवळजवळ संपतो आणि नट निघालेला बोल्ट हाताने हलायला लागतो. ती उंची सापडली की बोल्ट हातोड्याच्या हलक्या ठोक्याने निघतो. ती न शोधता घण मारत बसलात तर आटे जातील.

खरी लढाई इथे असते. बरेचदा बोल्ट आतल्या नळीतच गंजून एकजीव झालेला असतो. पाना फिरतो, बोल्टचं डोकं फिरतं, पण सोबत नळीही फिरते आणि रबर फक्त पिळ खातं. असं दिसलं की ताकद लावणं थांबवा. आय आणि हँगरच्या पत्र्याच्या मधल्या फटीत हॅक सॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. तासभर जातो, हात भरून येतात, पण हँगर वाचतो. ग्राइंडरचा मोह होईल. ठिणग्या मागे उडतात आणि पेट्रोलची टाकीही मागेच आहे, एवढं लक्षात ठेवा. त्याच कारणाने गॅसची ज्योत या भागात आणायचीच नाही.

पुढचं टोक सुटलं की शॅकलचे नट काढा, पट्टी ओढून घ्या आणि पाटा खाली उतरवा. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो, तेव्हा दुसऱ्या माणसाला बोलवा.

जुना बुश काढणं

काही ठिकाणी रबर जाळून काढतात. तसं करू नका. धूर विषारी असतो आणि आचेने पाट्याच्या पोलादाचं पाणी उतरतं. पाणी उतरलेली आय पुढे उघडते किंवा तुटते.

त्याऐवजी रबरात ड्रिलने गोल फिरत भोकं पाडा, आतली नळी सुटून येईल. उरलेलं रबर खरवडून काढा. मग हॅक सॉचं पातं नळीतून ओवून घ्या, फ्रेमला उलटं लावा आणि बाहेरच्या नळीला आतून एक उभी चीर द्या. हात हलका ठेवा आणि सारखं बघत राहा, चीर आयच्या पोलादात जाता कामा नये. चीर पडली की छिन्नीने तिची कड आत वळवा. नळी सैल पडते आणि ठोकून निघते.

आय आतून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खोल ओरखडे किंवा तडा असेल तर मुख्य पातं बदलावं लागेल. हे काम ट्रकचे पाटे करणाऱ्यांकडे होतं. सेंटर बोल्ट याच वेळी तपासा.

नवा बुश बसवणं

बुशच्या बाहेरच्या लोखंडी नळीला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, पण रबराला ग्रीस, ऑइल, डिझेल काहीही लागू देऊ नका. गॅरेजमध्ये सर्रास डिझेल लावून बुश सरकवतात आणि नैसर्गिक रबर त्याने फुगून मऊ पडतं. दोन अर्ध्यांच्या बुशला सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. ते वाळून जातं आणि रबर जिथल्या तिथे पकड घेतं.

रॉडवर एका बाजूला मोठा पाइप, मध्ये आय, मग बुश, मग लहान तुकडा आणि वायसर असं रचा. दाबणारा तुकडा फक्त बाहेरच्या नळीच्या काठावर टेकला पाहिजे. आतल्या नळीवर किंवा रबरावर दाब आला तर बुश बसण्याआधीच फाटतो. नट आवळायला लागा. पहिले दोन-तीन मिलिमीटर महत्त्वाचे, बुश वाकडा शिरतोय असं वाटलं तर परत काढा आणि पुन्हा सुरुवात करा. दोन्ही बाजूंना सारखा येईपर्यंत दाबा. जमत नसेल तर पाटा उचलून लेथवाल्याकडे न्या, त्याचा हायड्रॉलिक प्रेस क्षणात बसवून देतो. त्यात कमीपणा काही नाही.

जोडणी, आणि आवळण्याची वेळ

पुढच्या आयच्या नव्या बोल्टच्या मधल्या भागाला ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी हॅक सॉ लागणार नाही. आधी पुढची आय हँगरमध्ये घाला आणि बोल्ट ओवा. मग मागचा शॅकल. मग जॅकने अ‍ॅक्सल असा जुळवा की सेंटर बोल्टचं डोकं त्याच्या खाचेत बरोबर बसेल. ते नीट बसलं नाही तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट घालून नट समोरासमोरचे, थोडे-थोडे आळीपाळीने घट्ट करा. शॉकअप जोडा.

आयचा आणि शॅकलचा बोल्ट मात्र आत्ता नुसता हाताने लावून ठेवा.

गाडी अधांतरी असताना पाटा खाली वाकलेला असतो. या अवस्थेत बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच कोनात जाम होते. मग गाडी जमिनीवर आली, पाटा सपाट झाला, की उभ्या गाडीतही रबर कायमचं पिळलेलं राहतं. त्यावर खड्ड्यांचा पिळ आणखी चढतो. असा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो.

म्हणून दुसरी बाजूही इथपर्यंत पूर्ण करा आणि गाडीचं वजन पाट्यांवर आणा. खाली शिरायला जागा हवी तर मागची बाजू जॅकने पुरती उचला, बॉडीखालचे स्टँड काढून ते अ‍ॅक्सलच्या नळीखाली, पाट्यांच्या जवळ लावा. आता गाडी उचललेलीच आहे, पण वजन पाट्यांवर आहे. मागचा बंपर धरून गाडी चार-सहा वेळा दाबून सोडा आणि तिला तिच्या उंचीवर बसू द्या. मडगार्डपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं येतंय का ते बघा. मगच आवळा.

टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे द्या. मॅन्युअल नसेल तर ८.८ प्रतीच्या, साध्या आट्यांच्या कोरड्या बोल्टसाठी सर्वसाधारण हिशोब असा: १० मिमीला ४५ ते ५० न्यूटन मीटर, १२ मिमीला ८० ते ८५. आट्यांना ग्रीस लागलं असेल तर ते पुसून घ्या, नाहीतर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. दोन अर्ध्यांच्या बुशला हा हिशोब लागू नाही. तिथे पट्टी बोल्टच्या खांद्याला टेकली की थांबायचं, रबर चेपून पसरवायचं नाही.

चाकं लावा, गाडी खाली घ्या आणि सावकाश एक फेरी मारा. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. पाती एकमेकांवर बसतात तसे ते थोडे ढिले पडतातच.

पुढचे आर्म का नाहीत

पुढे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत, आणि त्या दोन आर्मच्या मध्ये दाबून बसवलेल्या असतात. आर्मचा बोल्ट काढला की ती सगळी ताकद एका क्षणात सुटते. हात, जबडा, काहीही मध्ये आलं तर मोडतं. बाजारातले हुकवाले स्प्रिंग कॉम्प्रेसर लहान स्प्रिंगवर सटकतात. हे काम ज्याच्याकडे योग्य कॉम्प्रेसर आहे आणि ज्याने ते आधी केलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या. तिथे तुमचं काम एवढंच: आर्म उतरवताना बोल्टखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवायला सांगायचं, बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळायला लावायचे, आणि तिथूनच थेट अलाइनमेंटला जायचं.